‘आता चष्म्याने काही होणार नाही’ म्हटल्यावर

या वेळच्या पत्रांमध्ये एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतं: ‘डॉक्टर म्हणाले, आता चष्म्याने काही होणार नाही.’ त्यानंतर घरात काय होतं तेही पत्रांतून दिसतं. वर्तमानपत्र बंद होतं, गॅसजवळ जायला मनाई होते, बँकेचं काम मुलाकडे जातं. यातली बरीच कामं दुसऱ्या पद्धतीने करता येतात आणि त्या पद्धती शिकता येतात. डोळ्यांचे उपचार चालू असतानाच हे शिकणं सुरू करावं. सगळे उपचार संपेपर्यंत थांबलं, तर तोवर माणसाची सवय आणि धीर दोन्ही सुटलेले असतात.

वडील ७४ वर्षांचे आहेत. वयामुळे दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला आहे. घरात नीट फिरतात, पण समोरच्याचा चेहरा आणि वर्तमानपत्र दिसत नाही. दुकानातून मोठ्यात मोठं भिंग आणलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. (सांगली)

भिंग आकाराने मोठं घेतलं, इथेच गडबड झाली. काच जितकी रुंद, तितकी तिची शक्ती कमी ठेवावी लागते, त्यामुळे हातभर रुंद भिंगातून अक्षर जेमतेम दीडपट-दुप्पट दिसतं. भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये मोजतात. त्या आकड्याला चारने भागलं की अक्षर साधारण किती पट दिसेल ते कळतं. शंभरला त्या आकड्याने भागलं की भिंग कागदापासून किती सेंटिमीटरवर धरायचं ते कळतं. ८ डायॉप्टरचं भिंग दुप्पट दाखवतं आणि साडेबारा सेंटिमीटरवर धरावं लागतं. २० डायॉप्टरचं पाचपट दाखवतं, पण पाच सेंटिमीटरवर. हे अंतर चुकलं की अक्षर पुसट होतं आणि ‘भिंग बेकार आहे’ असं वाटतं. डोळा भिंगाच्या जवळ नेला तर एका वेळी जास्त शब्द दिसतात. हात थरथरत असेल तर कागदावर ठेवून सरकवायचं, पायांचं आणि दिव्याचं भिंग घ्या. त्यात अंतर आपोआप बरोबर राहतं.

नेमकी शक्ती कोणती, हे दुकानदार ठरवू शकत नाही. मोठ्या नेत्र रुग्णालयांत अल्पदृष्टी तपासणीचा वेगळा विभाग असतो, तिथे वेळ घ्या. जाताना जुना चष्मा, पडद्याच्या तपासण्यांचे कागद आणि वडिलांना जे वाचायचं आहे तेच न्या: वर्तमानपत्र, पोथी, औषधाचं पाकीट. तपासणाऱ्याने तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतली, पण पोथी वाचून घेतली नाही, तर तपासणी अर्धीच झाली असं समजा.

दिव्याकडे घरात कुणाचं लक्ष जात नाही, आणि फरक तिथेच सगळ्यात जास्त पडतो. खोलीतला वरचा दिवा पुरत नाही. टेबलावरचा, मान वळणारा दिवा घ्या. तो ज्या डोळ्याने बरं दिसतं त्या बाजूने, डोळ्यांच्या पातळीखाली आणि कागदाच्या जवळ आणा. दिवा ४० सेंटिमीटरवरून २० सेंटिमीटरवर आणला की कागदावरचा उजेड चौपट होतो. उजेड डोळ्यांत मात्र जाता कामा नये. कागद गुळगुळीत आणि चकाकणारा असेल तर दिवा थोडा तिरका करा.

मधला भाग गेला असला तरी पडद्याच्या कडा शाबूत असतात, म्हणून वडील घरात फिरू शकतात. त्याच कडांनी पाहायला शिकता येतं. त्यांना भिंतीवरच्या घड्याळाच्या मध्यभागी पाहायला सांगा आणि कोणत्या बाजूचा आकडा सगळ्यात स्पष्ट दिसतो ते विचारा. समजा १२चा आकडा स्पष्ट दिसला, तर चेहरा पाहताना हनुवटीकडे नजर ठेवायची, म्हणजे चेहरा त्या चांगल्या भागात येतो. हे रोज दहा-दहा मिनिटं, आधी मोठ्या मथळ्यांवर करायचं. सुरुवातीला नजर सारखी मध्ये येते, ते होणारच. अशा वेळी समोरच्याला वाटतं, हे आपल्याकडे पाहत नाहीत. घरच्यांनी ते समजून घ्यावं.

एक सूचना मात्र पाळाच. सरळ रेषा अचानक वाकड्या दिसू लागल्या, डोळ्यांपुढे पडदा आल्यासारखं झालं किंवा चमका दिसू लागल्या, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. त्यासाठी दर आठवड्याला एकेक डोळा झाकून दाराची चौकट पाहण्याची सवय लावा. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्यातला बदल लक्षात येत नाही.

आईला काचबिंदूमुळे फारच कमी दिसतं. गेले दोन महिने संध्याकाळी तिला भिंतीवर फुलांच्या वेली आणि अंगणात लहान मुलं दिसतात. ती शांत असते, ‘खरं नाही हे कळतं मला’ असंही म्हणते. नातेवाईक बाहेरची बाधा म्हणतात. तिला वेड लागतंय का? (रत्नागिरी)

वेड नाही आणि बाधाही नाही. वर्णनावरून हा चार्ल्स बोने सिंड्रोम असण्याची शक्यता मोठी आहे. चार्ल्स बोने हे स्वित्झर्लंडचे निसर्गअभ्यासक. त्यांनी १७६० मध्ये आपल्या दृष्टी गेलेल्या आजोबांना दिसणाऱ्या अशाच आकृत्यांचं वर्णन लिहून ठेवलं. डोळ्यांकडून येणारी माहिती कमी झाली की मेंदूचा पाहणारा भाग स्वतःच चित्रं तयार करू लागतो. चित्रं मुकी असतात, त्यांना आवाज नसतो, वास नसतो, आणि पाहणाऱ्याला ती खोटी आहेत हे माहीत असतं. संध्याकाळचा अंधूक उजेड आणि एकटेपणा, हीच त्यांची वेळ.

चित्र दिसू लागलं की आईने खोलीतला दिवा लावावा, जागेवरून उठावं, पापण्यांची उघडझाप करावी. डोकं स्थिर ठेवून नजर डावीकडून उजवीकडे, सेकंदाला एकदा अशी पंधरा-वीस वेळा फिरवावी. हात पुढे करून त्या वेलीला ‘स्पर्श’ करायला गेलं तरी पुष्कळदा चित्र विरतं. संध्याकाळी घरात लवकर दिवे लावा आणि रेडिओ किंवा गप्पा चालू ठेवा.

आवाजही ऐकू येऊ लागले, ती त्या मुलांना खरं मानू लागली, विसरभोळेपणा वाढला, ताप आला किंवा नवं औषध सुरू झाल्यावरच हे सुरू झालं असेल, तर कारण वेगळं असू शकतं. मग फिजिशियनना दाखवा. नेत्रतज्ज्ञांना तर हे सांगाच. पुष्कळ ज्येष्ठ माणसं ‘आपल्याला वेडं ठरवतील’ या भीतीने वर्षानुवर्षं गप्प राहतात. तुमच्या आईने सांगितलं, हे फार बरं झालं. काचबिंदूचे थेंब एक दिवसही चुकवू नका. आणि काचबिंदू घराण्यात चालतो, तेव्हा तिच्या भावंडांनी आणि तुम्ही मुलांनीही डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्या.

मुलीचा एक डोळा अपघातात गेला, दुसरा चांगला आहे. तिला ३० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं. ४० टक्के करून घेण्यासाठी पुन्हा अर्ज करावा का? (लातूर)

करू नका. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसऱ्याची दृष्टी ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारं अक्षर सहा मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगली असेल, तर मोजणीच्या नियमांत ३० टक्केच ठरलेले आहेत. त्यात डॉक्टरांनी अन्याय केला असं नाही. आरक्षण आणि बहुतेक योजना ४० टक्क्यांपासून सुरू होतात, त्यामुळे तिला त्यांचा लाभ मिळणार नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

तिच्यासाठी जास्त महत्त्वाचं म्हणजे राहिलेला डोळा. नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा कायम वापरू द्या. या काचा सहज फुटत नाहीत. क्रिकेट, फटाके, प्रयोगशाळा इथे तर चष्म्याशिवाय नाहीच. चांगला डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधूक झाला तर थांबू नका. एका डोळ्याला इजा झाल्यावर क्वचित दुसऱ्यालाही सूज येते, आणि ती वेळेत सापडली तर उपचार होतात. पेल्यात पाणी ओतताना किंवा जिन्याची शेवटची पायरी उतरताना तिचा अंदाज चुकेल, कारण खोलीचा अंदाज दोन डोळ्यांनी येतो. भांड्याची कड पेल्याला टेकवून ओतायला शिकवा.

याच विषयावर नाशिक आणि अमरावतीहून उलट अनुभवाची पत्रं आहेत. रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे रातांधळेपणा आणणारा आणि नजरेचं क्षेत्र कडांकडून आक्रसवणारा पडद्याचा आजार असलेल्या दोघांना ‘तुम्हाला तक्ता वाचता येतो, तुम्ही दिव्यांग नाही’ असं सांगून परत पाठवलं गेलं. इथे मात्र हक्क सोडू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अल्पदृष्टीची व्याख्या दोन प्रकारे आहे. एक, चांगल्या डोळ्याची चष्म्यासह दृष्टी ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत. दोन, नजरेचं क्षेत्र (समोर पाहताना एकाच वेळी दिसणारा परिसर) ४० अंशांपेक्षा कमी आणि १० अंशांपर्यंत. यापैकी एक पुरेशी आहे. १० अंशांहून कमी क्षेत्र तर अंधत्वातच मोडतं, मग तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली तरीही. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे जाताना नजरेच्या क्षेत्राची छापील तपासणी बरोबर न्या आणि ती नोंदवून घ्यायला सांगा. निर्णय पटला नाही तर त्याच कायद्यात अपिलाची तरतूद आहे.

अर्ज स्वावलंबन कार्डाच्या सरकारी पोर्टलवर होतो. अडतं ते साध्या गोष्टींवर: आधारवरचं नाव आणि अर्जातलं नाव वेगळं, फोटो अस्पष्ट, पत्ता जुना. आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज भरा. तपासणीला नेहमीचा चष्मा घालून जा, कारण टक्केवारी चष्म्यासहच्या दृष्टीवर ठरते. चष्मा घरी राहिला तर पुन्हा फेरी पडते.

माझी बहीण ४६ वर्षांची. मधुमेहामुळे दोन वर्षांत दृष्टी पूर्ण गेली. वीस वर्षं उत्तम स्वयंपाक करत होती, आता घरचे तिला गॅसजवळ जाऊ देत नाहीत. ती रडते. हे सुरक्षितपणे शक्य आहे का? (वसई)

शक्य आहे, आणि वीस वर्षांची सवय हातात असल्याने तिला नव्याने शिकणाऱ्यापेक्षा सोपं जाईल. पहिले आठ-दहा दिवस गॅस बंद ठेवून सराव करू द्या. त्यानंतर कुणीतरी जवळ उभं राहावं, पण हात घालू नये.

शेगडीपासून सुरुवात करा. आपल्याकडच्या शेगडीचं बटण दाबून फिरवलं की आधी मोठी आच येते आणि आणखी फिरवलं की बारीक होते. हे उलटं वाटतं, म्हणून ‘बंद’ आणि ‘बारीक’ या दोन जागांवर खुणा करा. नेलपॉलिशचा जाड थेंब किंवा एम-सीलचा छोटा गोळा पुरतो. बर्नर थंड असताना भांडं ठेवायचं, ते मधोमध आलं का हे स्टँडच्या दांड्यांना हात लावून बघायचं, आणि मगच पेटवायचं. पेटलेल्या गॅसवर भांडं शोधत ठेवायचं नाही. काडेपेटी नको. लायटर बर्नरला टेकवून घ्यायचा, मग बटण फिरवायचं. भप्प आवाज आला नाही तर लगेच बटण बंद करायचं, खिडकी उघडायची आणि वास गेल्यावरच पुन्हा प्रयत्न करायचा. आपोआप पेटणारी शेगडी असेल तर उत्तम. इंडक्शन सुचवणारे पुष्कळ भेटतील, पण सपाट काचेवरची स्पर्शाची बटणं बोटांना कळत नाहीत. घ्यायचंच असेल तर दाबली की खट्‌ आवाज होणाऱ्या बटणांचं घ्या.

दुधासाठी दुहेरी भिंतीचा मिल्क कुकर घ्या. त्याच्या नळीतून पोटात पाणी भरतात, दूध तापलं की शिट्टी होते आणि दूध उतू जात नाही. पाणी भरायचं राहिलं तर भांडं करपतं, म्हणून आधी पाणी, मग दूध, असा क्रम कायमचा ठरवून टाकायचा. चहाची युक्ती अशी: ज्या कपात प्यायचा त्याच कपाने पाणी आणि दूध आधी गार असतानाच मोजून घालायचं. मग उकळता चहा किती ओतला याचा अंदाज घ्यायची वेळच येत नाही. कप ताटलीत ठेवून गाळणी कपावर बसवायची. गार पदार्थ ओतताना बोटाचं टोक कपाच्या आत ठेवून पातळी कळते. गरमासाठी कपाच्या कडेला अडकवायचं, पातळी आली की वाजणारं छोटं यंत्र मिळतं.

तेल बाटलीतून ओतायचं नाही. रुंद तोंडाच्या डब्यात तेल ठेवा आणि ५ व १५ मिलिलिटरच्या स्टीलच्या चमच्यांचे दांडे काटकोनात वर वाकवून घ्या. पळीसारखं सरळ खाली बुडवायचं आणि सरळ वर काढायचं, सांडत नाही. फोडणीत मोहरीचा एक दाणा टाकायचा. तो लगेच तडतडला तर तेल तापलं. मग आच बारीक करायची, आणि वाटीत आधीच काढून ठेवलेलं जिरं, हिंग, हळद एकदम घालायचं. मिरची-कढीपत्ता धुतला असेल तर पुसून घ्या. ओलाव्याने तेल उडतं, आणि न दिसणाऱ्याला हात मागे घ्यायला क्षणभर उशीर होतो.

चिरण्याबाबत एक मत नक्की सांगू. विळीची सवय असेल तर विळी काढून घेऊ नका. पातं एका जागी स्थिर असतं आणि दोन्ही हात भाजीवर असतात, त्यामुळे सवयीच्या हाताला ती सुरीपेक्षा भरवशाची वाटते. काम झालं की पातं लगेच मिटवायचं, एवढा नियम कडक ठेवा. सुरी वापरणार असेल तर फळीखाली ओलं फडकं घाला आणि भाजी धरणाऱ्या हाताची बोटं आत मुडपून, पेरांना पातं घासत जाईल अशी ठेवा.

पदर खोचलेला, बाह्या आखूड, केस बांधलेले, कपडा सुती. मीठ गोल बरणीत, साखर चौकोनी बरणीत. तूरडाळीच्या डब्याला एक रबरबँड, हरभऱ्याच्या डाळीला दोन. आणि घरच्या सगळ्यांसाठी दोन नियम: वस्तू जिथून घेतली तिथेच ठेवायची, आणि कपाटाचं दार अर्धवट उघडं ठेवायचं नाही. अंध माणसाच्या कपाळावरच्या कितीतरी जखमा अर्धवट उघड्या दारांच्या असतात.

मधुमेह आहे म्हणून एक महत्त्वाची गोष्ट. इन्सुलिनचं पेन फिरवताना होणारे खटके मोजून ती मात्रा घेत असेल, तर तेवढ्यावर विसंबू नका. पेनात औषध कमी उरलं असेल तर तेही हाताला कळत नाही. सुरुवातीला कुणी तरी डोळ्यांनी खात्री करावी आणि पुढची पद्धत डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. पाय रोज हाताने चाचपून, आणि घरच्यांपैकी कुणीतरी पाहून, जखम नाही ना हे बघायचं.

पांढरी काठी ऑनलाइन मागवली. लांबी किती असावी? आणि नुसती हातात धरून चालायचं की काही पद्धत असते? (कोल्हापूर)

सरळ उभं राहून काठी जमिनीवर उभी धरल्यावर तिचं वरचं टोक छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत आलं पाहिजे. ही किमान लांबी. झपझप चालणाऱ्याला काखेपर्यंतची लागते, कारण वेग जास्त तितकी सूचना आधी मिळायला हवी. कमरेएवढी काठी आधाराची असते, तिने पुढचा खड्डा कळत नाही.

मूठ बेंबीसमोर, शरीराच्या मध्यरेषेत धरायची आणि तर्जनी काठीवर सरळ ठेवायची. हात स्थिर, फिरतं फक्त मनगट. टोक खांद्यांच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर जास्त फिरवायचं. उजवा पाय पुढे पडताना टोक डावीकडे, डावा पडताना उजवीकडे. म्हणजे ज्या जागी पुढचं पाऊल पडणार, ती जागा आधी तपासलेली असते. हा ताल बिघडला की नेमकी तपासलेली नसलेल्या जागी पाऊल पडतं, आणि बहुतेक वेळा पडायला होतं ते त्यामुळेच. आपल्या फुटपाथांवर फरशा उखडलेल्या आणि गटारांची झाकणं गायब, म्हणून टोक उचलून टेकवत जाण्यापेक्षा जमिनीला सतत घासत नेणं बरं. त्यासाठी गोल फिरणारं टोक मिळतं.

जिना चढताना काठी उभी धरून तिचं टोक पुढच्या पायरीच्या उभ्या भागाला लागू द्यायचं. ते लागायचं थांबलं की पायऱ्या संपत आल्या. उतरताना टोक पुढच्या पायरीच्या कडेबाहेर ठेवायचं. जमीन लागली की शेवटची पायरी.

कमरेवरचं काठीला कळत नाही: उघडी खिडकी, टेम्पोचा मागचा फळा, लोंबती फांदी. ओळखीच्या अशा जागी दुसरा हात कोपरात वाकवून चेहऱ्यासमोर धरायचा. दिल्लीच्या आयआयटीत विकसित झालेलं स्मार्टकेन हे यंत्र काठीच्या मुठीवर बसतं आणि गुडघ्याच्या वरचे अडथळे कंपनाने सांगतं. ते उपयोगी आहे, पण साधी काठी आधी आली पाहिजे. पावसाळ्यात छत्रीवरच्या पावसाच्या आवाजात गाड्यांचे आवाज बुडतात. रेनकोट घ्या आणि टोपी कानांवर ओढू नका.

टोक झिजतं. एका बाजूने तिरकं झालं की काठी अडकायला लागते, तेव्हा बदला. घडीच्या काठीतला लवचिक दोर सैल झाला तर सांधे चालताना सुटतात. एक जादा टोक काठीबरोबरच मागवून ठेवा.

वाचून हे अर्धंच येतं. चालण्याचं प्रशिक्षण देणाऱ्या माणसाबरोबर काही आठवडे घालवा. मुंबईत १९५२ साली सुरू झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडच्या, म्हणजे ‘नॅब’च्या, शाखा राज्यात अनेक ठिकाणी आहेत. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे. तिथे विचारा. अल्पदृष्टी असलेल्यांनीही काठी घ्यावी. दिवसा बरं दिसणारा माणूस संध्याकाळी ठेचकाळतो, आणि काठी पाहून रिक्षावालाही थांबतो.

बरोबर चालणाऱ्यांसाठी: हात धरून ओढू नका, पाठीमागून ढकलू नका. त्यांना तुमचं कोपर धरू द्या आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. अरुंद जागी तो हात पाठीमागे न्या, म्हणजे ते तुमच्या मागे येतील. पायरी आली की थांबून ‘वर’ किंवा ‘खाली’ एवढं सांगा. खुर्चीत बसवू नका, त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा, बसणं ते स्वतः करतील.

नोटा कशा ओळखायच्या? आणि बँकेने सही असूनही चेकबुक नाकारलं, ‘जोखीम तुमची’ म्हणाले. (ठाणे)

नव्या मालिकेतल्या नोटांची लांबी प्रत्येकी वेगळी आहे: १० रुपये १२३ मिलिमीटर, २० रुपये १२९, ५० रुपये १३५, १०० रुपये १४२, २०० रुपये १४६ आणि ५०० रुपये १५०. दोनशे-पाचशेत फरक फक्त चार मिलिमीटरचा, तो बोटांच्या अंदाजाने कळत नाही. जाड पुठ्ठ्याची पट्टी घ्या, एका टोकाला आडवी कड चिकटवा आणि त्या कडेपासून वरच्या सहा अंतरांवर बाजूला खाचा पाडा. नोट कडेला टेकवली की तिचं दुसरं टोक कोणत्या खाचेपाशी येतं ते नखाला कळतं. करकरीत नोटांवर उठावाच्या खुणाही असतात: शंभरवर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ. शिवाय दोन्ही कडांना तिरप्या रेषा असतात, शंभरला चार, पाचशेला पाच. नोट मळली की उठाव सपाट होतो, त्यामुळे त्यांचा भरवसा मर्यादित. रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ ॲप १ जानेवारी २०२० रोजी आलं. ते इंटरनेटशिवाय चालतं आणि नोट कॅमेऱ्यासमोर धरली की रक्कम बोलतं. २० रुपयांचं नाणं बारा कोनांचं आहे, त्यामुळे ते १०च्या नाण्यापासून सहज वेगळं होतं. घरी आल्यावर पाकिटात रक्कम ठरवून घडी घाला: शंभर सरळ, दोनशे एकदा दुमडलेली, पाचशे लांबीत दुमडलेली.

चेकबुकाबद्दल: बँकेला नकार देता येत नाही. रिझर्व्ह बँकेने ४ जून २००८ च्या परिपत्रकात सांगितलं आहे की चेकबुक, एटीएम, लॉकर, नेटबँकिंग या सगळ्या सुविधा अंध ग्राहकांना भेदभाव न करता द्यायच्या. शाखेत तारखेसह लेखी अर्ज द्या, त्यात या परिपत्रकाचा उल्लेख करा आणि पोच घ्या. नकार दिला तर तोही लेखी मागा. पुष्कळदा प्रश्न इथेच सुटतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. बोलक्या एटीएमसाठी स्वतःचा वायरचा इअरफोन जवळ ठेवा. ५च्या बटणावर उंचवटा असतो, तिथून बाकीचे आकडे मोजायचे.

मोबाइलवरून खातं उघडताना ‘कॅमेऱ्यात पाहून पापणी मिटा’ अशी अट येते, त्याबद्दल पनवेलच्या वाचकांनी विचारलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पापणी मिटण्यावाचून दुसरा पर्याय द्यावा, असंही सांगितलं. तक्रारीत हा निकाल लिहा.

आजोबांच्या मोबाइलमध्ये टॉकबॅक सुरू केलं, तर फोन ‘अडकला’ असं वाटून बंद करावं लागलं. (जळगाव)

फोन अडकला नव्हता, वापरायची रीत बदलली होती. टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी फोनमधली सोय, चालू असताना एकदा स्पर्श केला की नाव वाचलं जातं, आणि उघडण्यासाठी लागोपाठ दोनदा टकटक करावी लागते. पान सरकवायला दोन बोटं. एका बोटाने उजवीकडे झटका दिला की पुढची गोष्ट, डावीकडे दिला की मागची. आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून ते चालू-बंद होईल अशी सोय आधी सेटिंगमध्ये करून घ्या. बोलण्याची भाषा मराठी करा आणि वेग कमी ठेवा. पहिला आठवडा फक्त एकच काम: आलेला फोन उचलणं आणि एक नंबर लावणं. यूपीआयचा पिन टाकताना इअरफोन लावायचा.

आणि नातवंडांना एक विनंती. लग्नपत्रिका, सोसायटीची सूचना, शाळेचा अभ्यास यांचा नुसता फोटो पाठवला तर टॉकबॅक पुष्कळदा ‘फोटो’ एवढंच म्हणून थांबतं. खाली दोन ओळी टाइप करा.

मुलगा तिसरीत आहे, अल्पदृष्टी आहे. वही नाकाला लावून वाचतो. डोळे आणखी बिघडतील म्हणून आम्ही ओरडतो. त्याला ब्रेल शिकवावं का? (परभणी)

ओरडणं आजच थांबवा. जवळून पाहिल्याने त्याचे डोळे बिघडत नाहीत. जवळ नेलं की अक्षर मोठं दिसतं, आणि त्याने स्वतः शोधलेला हा उपाय योग्यच आहे. बिघडते ती मान आणि पाठ, म्हणून तिरपी लेखनफळी द्या, म्हणजे वही त्याच्याकडे येईल. वह्यांना ठळक रेषा, काळं जाड पेन. पुस्तकाचं पान ए-फोरवरून ए-थ्रीवर झेरॉक्स केलं की अक्षर सुमारे दीडपट होतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, ती टॅबलेटवर हवी तेवढी मोठी करता येतात. शाळेत फळ्यासमोरची, खिडकीकडे पाठ येईल अशी जागा मागा. फळ्यासाठी एका डोळ्याला लावायची छोटी दुर्बीण अल्पदृष्टी विभागात मिळते. सगळ्यात स्वस्त उपाय शिक्षकांच्या हातात आहे: फळ्यावर लिहिताना तेच मोठ्याने म्हणणं.

ब्रेलचा निर्णय तीन गोष्टींवर घ्या. डोळ्यांचा आजार वाढत जाणारा आहे का, हे डॉक्टरांना विचारा. अर्धा तास वाचल्यावर डोकं दुखतं का ते पाहा. आणि त्याचा वाचनाचा वेग वर्गाच्या किती मागे आहे ते मोजा. आजार वाढणारा असेल तर ब्रेल आत्ताच सुरू करा, मोठ्या अक्षरांच्या जोडीने. दृष्टी असताना शिकलेलं ब्रेल कमीपणाचं वाटत नाही आणि कोवळ्या बोटांना ते लवकर येतं. मराठी ब्रेल भारती ब्रेलच्या, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या समान ब्रेल लिपीच्या, सहा बिंदूंमध्ये आहे. ब्रेलच्या पाटीत कागद अडकवून ते उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून वाचायचं. चांगल्या शिक्षकाकडे हा गोंधळ पटकन सुटतो. ६ ते १८ वर्षांपर्यंत, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेत विशेष शिक्षक येत नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा. पुढे वाचनासाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात त्याचं नाव नोंदवा.

अल्पदृष्टीच्या प्रमाणपत्रावर रेल्वेची सवलत मिळते का? (मिरज)

नाही. रेल्वेची सवलत पूर्ण अंधत्व असलेल्यांनाच आहे: शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात ७५ टक्के, प्रथम व द्वितीय वातानुकूलितमध्ये ५० टक्के, आणि बरोबरच्या एका सोबत्यालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचं स्वतंत्र ओळखपत्र काढावं लागतं. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे फलाटावर ‘बीप बीप’ आवाज चालू असतो, त्या दिशेने जा.

प्राप्तिकर भरत असाल तर मात्र अल्पदृष्टीलाही कलम ८०-यूची वजावट आहे: ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपये, ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपये, पण फक्त जुन्या करप्रणालीत. आणि आपल्या ग्रामपंचायतीला किंवा पालिकेला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. बोलकं घड्याळ, काठी, भिंग यांसाठी तिथे अर्ज द्या. मार्च जवळ आला की निधी शिल्लक असूनही कागदपत्रांना वेळ पुरत नाही, तेव्हा अर्ज दिवाळीच्या आधी जायला हवा.